न बोलणारा मास्तर

‘हाफ-लाइफ २’ हा बंदुकीचा खेळ आहे, हे मला मान्य आहे. पण त्यातली बंदूक ही त्या खेळातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे, असं माझं मत आहे. हे मत मी गेमर म्हणून मांडत नाही, बीएड केलेला मास्तर म्हणून मांडतोय. गेली अनेक वर्षं मी उर्दू आणि मराठी शिकवतो. शिकवणं म्हणजे काय, यावर जी पुस्तकं आम्हाला वाचायला लावली त्यातली बरीचशी मी परीक्षेनंतर विसरलो. त्या पुस्तकांत जे सांगितलं होतं ते कुणीतरी खरोखर, काटेकोरपणे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवलंय असं मला पहिल्यांदा दिसलं ते एका कॉम्प्युटर गेममध्ये. स्टाफरूममध्ये हे बोललं की लोक चहाच्या कपात बघत बसतात. म्हणून इथे लिहितो.

खेळ जुना आहे. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. त्याआधीचा पहिला ‘हाफ-लाइफ’ १९९८ चा. २०२४ च्या नोव्हेंबरात वीस वर्षं झाली म्हणून कंपनीने तो काही दिवस फुकट वाटला आणि बनवणाऱ्यांचं स्वतःचं निवेदनही खेळाच्या आत जोडलं. माझ्या भाच्याने तेव्हा तो उतरवून घेतला. विशीत असताना मी तो मित्राच्या घरी, अर्धी रात्र जागून खेळलो होतो. तेव्हा मला त्यात फक्त थरार दिसला होता. आता भाच्याच्या खुर्चीमागे उभा राहून बघताना मला पाठ टाचण दिसत होतं.

ज्यांनी असे खेळ पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर आपल्याला नायक दिसत नाही, नायकाला जे दिसतं ते दिसतं. समोर दोन हात आणि हातातलं हत्यार. नायकाचं नाव गॉर्डन फ्रीमन, भौतिकशास्त्रातला डॉक्टरेट झालेला माणूस. परग्रहावरून आलेल्या ‘कंबाइन’ नावाच्या सत्तेने पृथ्वी ताब्यात घेतलीय आणि हा माणूस आगगाडीतून ‘सिटी १७’ नावाच्या शहरात उतरतो. पुढे चौदा प्रकरणं आहेत. संपूर्ण खेळात फ्रीमन एक शब्दही बोलत नाही, आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांतून क्षणभरही बाहेर येत नाही. म्हणजे मध्येच सिनेमा सुरू झाला आणि आपण प्रेक्षक झालो, असं होत नाही. जे घडतं ते आपल्यासमोर, आपण तिथे उभे असताना.

आता स्टेशन. हातात हत्यार नाही. लोक मान खाली घालून रांगेत उभे आहेत, मुखवटा घातलेले पोलीस दंडुके घेऊन फिरतायत. एका दाराशी असाच एक पोलीस उभा आहे. तो कचरापेटीवरचा पत्र्याचा डबा मुद्दाम दंडुक्याने खाली पाडतो आणि आपल्याला सांगतो, उचल आणि पेटीत टाक. उचलून टाकला तर तो हसून बाजूला होतो. डबा त्याच्याच अंगावर फेकला तर दंडुका घेऊन मागे लागतो.

वीस वर्षांपूर्वी मी तो डबा त्याच्या तोंडावर मारला होता. भाच्यानेही तेच केलं. आणि आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही की या अर्ध्या मिनिटात आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या गेल्या. वस्तू उचलता येते. वस्तू फेकता येते. आणि या शहरात सत्ता कुणाची आहे. पडद्यावर एखादी ओळ येते ती कुठलं बटण दाबायचं एवढी. ‘या खेळात वस्तूंना वजन आहे, त्या वापरून तुम्हाला पुढे जायचं आहे’ असं कुणी सांगत नाही. तिथे अपमान आहे, आणि अपमानाला उत्तर देताना हात आपोआप शिकतो.

बीएडला आम्हाला हर्बार्टची पंचपदी होती. प्रस्तावना करायची, मग हेतुकथन. फळ्यावर लिहायचं, ‘आज आपण विशेषणांचा अभ्यास करणार आहोत.’ सराव पाठात हेतुकथन विसरलं की निरीक्षक मागच्या बाकावरून गुण कापायचे. मुलांचे डोळे नेमके त्याच वाक्याला मिटायचे, हे मात्र निरीक्षण वहीत कुठे नोंदवलं जात नसे. ‘हाफ-लाइफ २’ हेतुकथन करत नाही. बाकी सगळी अध्यापन सूत्रं मात्र तो पाळतो: सोप्याकडून कठीणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. इतकी काटेकोर पाळतो की एखाद्या कॉलेजने तो प्रात्यक्षिक म्हणून लावावा.

कालव्यांचं प्रकरण घ्या. छताला चिकटलेला, लांब जीभ खाली सोडून बसलेला एक प्राणी आहे, बार्नाकल. जीभ दोरासारखी लोंबते, अंधारात पटकन दिसत नाही, आणि तिला स्पर्श झाला की माणूस वर ओढला जातो. साधा गेम काय करेल? आपल्याला त्या जिभेत अडकवेल, मारेल आणि मग म्हणेल, शिकलास ना? इथे आधी एक पक्षी उडतो. तो जिभेला चिकटतो आणि वर जातो. आपण लांबून, सुरक्षित, बघत असतो. पुढे पिंपं असतात, ती उतारावरून घरंगळत जातात आणि जिभा तीही गिळायला उचलतात. म्हणजे या जिभेला माणूस आणि पिंप यातला फरक कळत नाही, हा दुसरा धडा. पिंपांत स्फोटक पिंप असेल तर काय करता येईल, हा तिसरा धडा, आणि तो शिकवायचा नसतोच. तो मुलगा स्वतः शोधतो आणि खुर्चीवर उडी मारतो.

त्याच कालव्यांत एक फळी आहे, मधोमध टेकू असलेली. पलीकडे उंच कठडा. शेजारी सिमेंटचे ठोकळे पडलेले. एका टोकावर ठोकळे रचले की दुसरं टोक वर राहतं आणि चालत वर जाता येतं. तरफ! टेकू, भार आणि बल. आमच्या शाळेत याची आकृती काढायला दोन गुण असतात. पुढे एका ठिकाणी रिकामी पिंपं पाण्याखाली, एका उताराच्या खाली ढकलायची, म्हणजे तो उतार तरंगून वर येतो आणि त्यावरून बोट उडवता येते. विज्ञानाच्या सरांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, ‘उत्प्लावक बल.’ मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण मास्तरकीचा कळस आहे तो रेव्हनहोम. त्यावर थोडं जास्त लिहितो, कारण खेळाचं नाव निघालं की लोक रेव्हनहोमच आठवतात, आणि बहुतेक जण फक्त भीतीसाठी आठवतात.

त्याच्या आधीच्या प्रकरणात नायकाला ‘ग्रॅव्हिटी गन’ मिळते. हिच्यात गोळ्या नाहीत. ती लांबची वस्तू ओढून घेते, हवेत धरून ठेवते आणि जोरात फेकते. ती मिळते कुठे? भंगाराच्या एका अंगणात, दिवसाउजेडी, अ‍ॅलिक्स नावाची मैत्रीण शेजारी उभी असताना. तिचा एक प्रचंड यांत्रिक कुत्रा आहे, डॉग. त्याच्याशी आपण चेंडू खेळतो. तो फेकतो, आपण झेलतो, परत फेकतो. शत्रू नाही, घड्याळ नाही, हरणं नाही. हा चेंडू म्हणजे खरं तर निकामी केलेला रोलरमाइन, शत्रूचं गडगडत येणारं हत्यार. पुढे समुद्रकाठच्या रस्त्यावर असेच चेंडू, पण जिवंत, आपल्या गाडीला येऊन चिकटतात, आणि तेव्हा हाताला आधीच माहीत असतं की यांचं काय करायचं. जे खेळणं म्हणून हातात दिलं तेच संकट म्हणून समोर आणलं. यापेक्षा चांगलं ज्ञाताकडून अज्ञाताकडे मी पाहिलेलं नाही.

मग अचानक हल्ला होतो, अ‍ॅलिक्सपासून ताटातूट होते आणि आपण एकटे त्या गावाच्या वाटेला लागतो ज्याचं नाव काढायलाही लोक तयार नव्हते. रात्र. पडकी घरं. सुरुवातीलाच एक दृश्य आहे: भिंतीत रुतलेलं करवतीचं गोल पातं आणि त्याने कंबरेतून कापलेलं एका झोंबीचं धड. बस. कुणी काही सांगत नाही. वाट काढायला आपण ग्रॅव्हिटी गनने पातं भिंतीतून ओढतो, पातं हवेत समोर तरंगत राहतं, आणि नेमका त्याच क्षणी एक झोंबी अंगावर येतो. घाबरून बोट दाबलं जातं. पातं सुटतं. झोंबीचे दोन तुकडे.

भाचा ओरडला, ‘मामू, मैंने खुद ढूंढा!’

त्याने शोधलं नव्हतं. कुणीतरी पातं तिथे रुतवलं होतं, धड तिथे ठेवलं होतं, झोंबीला बरोबर त्या क्षणी पाठवलं होतं. पण मी त्याला तसं सांगितलं नाही. आणि मला वाटतं, तो खोटंही बोलत नव्हता. उत्तर शेजारी ठेवलेलं असणं आणि उत्तर हातात दिलेलं असणं यात फरक आहे. ते दोन तुकडे आपल्या हातून झालेत, ही भावना त्याला पुढचा तासभर पुरली. रेव्हनहोममध्ये गोळ्या मुद्दामच कमी आहेत. गावात मात्र सगळीकडे पाती, रंगाचे डबे, गॅसची नळकांडी, फ्रिज आणि दोरीने टांगलेल्या मोटारी आहेत. गाव म्हणजेच दप्तर. संपूर्ण प्रकरण फक्त ग्रॅव्हिटी गनने पार केलं तर खेळ एक बिल्लाही देतो.

भीती आहेच. पण भीतीची रचना बघा. तिथे एक काळा विषारी हेडक्रॅब आहे, केसाळ कोळ्यासारखा. तो चावला की आपली तब्येत शंभरावरून थेट एकावर येते. काळजाचं पाणी होतं. पण ते विष स्वतः कधीच मारत नाही, अंगावरचा सूट उतारा सोडतो आणि हळूहळू आकडा पुन्हा वर चढतो. म्हणजे मास्तर छडी आपटतो टेबलावर, मुलाच्या हातावर नाही. दुसरे आहेत ते वेगाने पळणारे झोंबी. ते पन्हाळीच्या पाइपवरून चढून गच्चीवर येतात, आणि येण्याआधी पाइप खडखडतो. दोनदा फसल्यावर आपण खडखड ऐकली की वळतो. तिसऱ्यांदा आपण पाइपच्या तोंडाशी आधीच उभे असतो. याच वर्षी, २००४ मध्येच, ‘डूम ३’ नावाचा दुसरा मोठा खेळ आला होता. त्यात अंधार होता आणि टॉर्च व बंदूक एकाच वेळी हातात धरता येत नव्हती. तोही घाबरवायचा. पण बंद कपाट उघडून अंगावर येणाऱ्या भीतीतून माणूस फक्त दचकायला शिकतो. खडखडणारा पाइप माणसाला ऐकायला शिकवतो.

पुढे वाळूचं प्रकरण येतं. वाळूवर पाऊल ठेवलं की जमिनीतून अँटलायन नावाचे महाकाय किडे बाहेर येतात. हे एक माणूस खडकावरून ओरडून सांगतो, आणि सांगता सांगताच त्याचा जोडीदार आपल्या डोळ्यांदेखत बळी पडतो. मग आपण फळ्या, पत्रे, जे मिळेल ते समोर टाकत, एका खडकावरून दुसऱ्यावर जात समुद्रकाठ पार करायचा. लहानपणी अंगणात ‘नदी की पहाड’ खेळलेला कुणीही हे खेळू शकतो, फक्त पाय घसरला की इथे पन्नास पायांची फौज येते. वाळूची इतकी धास्ती बसते की पावलांचा आवाजसुद्धा वेगळा ऐकू येऊ लागतो. आणि मग अँटलायनचा एक मोठा पहारेकरी मारल्यावर एक व्होर्टिगॉन्ट त्याच्या शरीरातून एक गंधाची पिशवी काढून देतो. ती हातात आली की तेच किडे आपले होतात. पिशवी फेकाल तिकडे धावतात, मागे मागे येतात. ज्या वाळूवर टाच टेकवायची भीती होती तिच्यावरून आपण फौज घेऊन चालत जातो. (हा व्होर्टिगॉन्ट पहिल्या खेळात शत्रू होता. तो मुळात गुलाम होता हे कळायला दुसरा भाग यावा लागला. यावर वेगळा लेख होईल.)

हे सगळं कुणा एका हुशार माणसाला सुचलं असं नाही. व्हॉल्व्हची पद्धत पहिल्या ‘हाफ-लाइफ’पासूनची आहे आणि ती त्यांच्यातल्याच एकाने १९९९ मध्ये लिहून ठेवली आहे. बाहेरचा माणूस आणून खेळायला बसवायचा. ज्याने तो भाग बनवला त्याने मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. खेळणारा भिंतीला डोकं आपटत असला तरी सांगायचं नाही की दार डावीकडे आहे. फक्त लिहून घ्यायचं, आणि मग परत जाऊन दार बदलायचं. खेळणारा नाही, दार. आमच्या सराव पाठातही मागच्या बाकावर कुणीतरी वही घेऊन बसलेलं असायचं. पण त्या वहीत माझं उभं राहणं, माझं फलकलेखन, माझा आवाज यांचे गुण असायचे. वर्गातल्या मुलाला नेमकं कुठे अडलं, याचा रकाना त्यात नव्हता.

एक बारीक गोष्ट, जी मला फार आवडते. खेळात लाकडी पेट्या फोडल्या की औषध किंवा गोळ्या मिळतात. त्यातल्या काही पेट्यांत काय निघणार हे आधी ठरलेलं नसतं. आपल्याकडे जे कमी असेल ते निघतं. तब्येत ढासळली असेल तर औषध, गोळ्या संपल्या असतील तर गोळ्या. खेळणाऱ्याला वाटतं नशीब. वर्गात एखाद्या मुलाला चारचौघांत ‘तू कच्चा आहेस, इकडे ये’ न म्हणता मदत पोचवायची असेल, तर ती अशीच पोचवावी लागते.

आता जागेबद्दल. लेव्हल डिझाइन म्हणजे शेवटी जागा रचणं. सिटी १७ पूर्व युरोपातलं शहर वाटतं: जुनी दगडी घरं, त्यांच्या शेजारी सोव्हिएत काळातल्या सिमेंटच्या चाळी, सिरिलिक लिपीतल्या पाट्या. त्याचं दृश्यरूप घडवणारा कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह हा बल्गेरियातल्या सोफियाचा (२०२५ मध्ये तो वारला). ज्या रस्त्यांवर तो वाढला तसलेच रस्ते त्याने परग्रहवासीयांच्या ताब्यात दिले. इमारतींमध्ये एक मुलांचं खेळायचं मैदान आहे, आणि शहरात एकही मूल नाही. कंबाइनने माणसांचं मूल होणंच बंद केलंय. ही माहिती भाषणातून कळते, पण ती अंगावर येते ती त्या मैदानात. आणि शहराच्या डोक्यावर सिटाडेल, ढगांत गेलेला लोखंडी मनोरा. स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या तो दिसतो. गावाला येताना आधी दर्ग्याचा घुमट किंवा देवळाचं शिखर दिसतं तसा, पण पोटात गोळा आणणारा. शेवटी तिथेच जायचंय हे कुणी सांगावं लागत नाही.

याच्या उलट उदाहरण देतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ हा २००९ चा, अफाट खपलेला खेळ. त्यात कराची शहराचा एक नकाशा आहे. त्यातल्या पाट्या अरबीत आहेत. मी उर्दूचा शिक्षक. कराचीच्या दुकानावरची उर्दू पाटी कशी असते, ती नस्तालीकमध्ये कशी झुकते, त्यात ‘ट’ आणि ‘ड’ वर छोटी ‘तोय’ कशी बसते, हे मी तिसरीच्या मुलांना शिकवतो. एवढा पैसा ओतून बांधलेल्या शहरात कुणालाही विचारावंसं वाटलं नाही की इथले लोक कुठली भाषा लिहितात. कारण त्या जागेत राहणारं कुणी त्यांच्या मनातच नव्हतं, फक्त गोळी मारायला कुणीतरी हवं होतं. ‘हाफ-लाइफ २’ मध्ये आपण ताबा घेणाऱ्यांच्या बाजूने नाही, ताब्यात असलेल्यांच्या बाजूने लढतो, हा फरक कथेतला आहेच. पण तो आधी पाट्यांत दिसतो.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो दमदार आहे. या खेळात वाट एकच आहे. ‘ड्यूस एक्स’सारखा २०००चा खेळ एका दाराला चार मार्ग द्यायचा: कुलूप फोडा, संगणक हॅक करा, छतातल्या बोळकांडीतून जा, किंवा कुणाशी गोड बोला. ‘हाफ-लाइफ २’ मध्ये कुठेही जा, शेवटी त्याच दारातून. मग हे शिकणं कसलं? हे तर हाताला धरून नेणं झालं.

माझं म्हणणं असं की अभ्यासक्रम एकच असणं हा गुन्हा नाही. आमचाही एकच असतो. प्रश्न हा आहे की त्या वाटेवर चालताना मुलाला स्वतःचे पाय जाणवतात का. रेव्हनहोममधून जायला वाट एकच आहे, पण तुम्ही ती पात्यांनी कापत गेलात की गॅसच्या आगीने की घाबरत पळत, हे तुमचं. शिवाय वाटेच्या बाजूला लॅम्डाची खूण रंगवलेली असते, बंडखोरांनी लपवलेल्या सामानाची. कुणी सांगत नाही, खूण वाचणाऱ्यालाच कळतं. ज्याला वाचायचं नाही तोही पुढे जातो. फक्त थोडा उपाशी जातो.

हे मला इतकं का लागतं, ते सांगतो. माझ्या वर्गातली मुलं घरी उर्दू, दखनी बोलतात. मराठीच्या तासाला त्यांना पहिला मार बसतो तो नपुंसकलिंगाचा. उर्दूत दोनच लिंगं. किताब ‘ती’, कलम ‘तो’, हिशोब संपला. मराठीत ‘ते पुस्तक’, ‘ते झाड’, ‘ते पाणी’. आपण काय करतो? पहिल्याच आठवड्यात निबंध देतो, लाल शाईने वर्तुळं काढतो आणि म्हणतो, मराठी कच्चं आहे. म्हणजे अंगण नाही, डॉग नाही, चेंडू नाही, थेट रेव्हनहोम, आणि तेही रिकाम्या हातांनी. खरं तर पातं भिंतीत रुतलेलंच आहे. कागद, दुकान, जमीन, खुर्ची, हवा, वकील, शाई, किल्ला: ही मुलं मराठीच्या वर्गात यायच्या आधीच शेकडो मराठी शब्द घेऊन आलेली असतात, फक्त त्यांना ते मराठी आहेत हे कुणी दिसू दिलेलं नसतं. आता मी पहिले काही दिवस फक्त हे शब्द फळ्यावर टाकतो आणि गप्प उभा राहतो. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, ‘सर, ये तो अपनेच लफ्ज हैं!’ नपुंसकलिंग त्यानंतर येतं, ‘ते दुकान’मधून. ओळखीच्या शब्दाला अनोळखी शेपूट. मग ते निदान चावत नाही.

पालकांसाठी एक स्पष्ट करून ठेवतो. हा खेळ लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही. त्यात रक्त आहे, कापलेली धडं आहेत, अमेरिकेत त्याला सतरा वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे. माझा भाचा कॉलेजात आहे. पण ‘गेम म्हणजे वाया’ एवढ्यावर चर्चा संपवणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. पुस्तकही वाईट असतं, म्हणून आपण वाचन बंद करत नाही.

खेळात दोष नाहीत असं नाही, आणि गंमत म्हणजे दोष नेमके तिथे आहेत जिथे हा मास्तर बोलायला लागतो. डॉक्टर क्लायनरच्या प्रयोगशाळेत आपल्याला अडकवून ठेवतात. सगळी मंडळी कथा सांगत असतात, दारं बंद. तुम्ही टेबलावर चढा, मॉनिटर पाडा, कुणाला फरक पडत नाही. बोलणं संपेपर्यंत सुटका नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी शिकवत राहणारे सर असतात ना, तसं. फ्रीमन बोलत नाही म्हणून अ‍ॅलिक्स त्याला चिडवतेही, पण दोन वाक्यांनंतर तो विनोद आपल्यावरच होतोय असं वाटू लागतं.

दुसरं, शहरातल्या उठावाची प्रकरणं. तिथे चार-चार नागरिक आपल्या मागे लढायला येतात. कल्पना छान आहे, तोवर एकट्याने लढलेला माणूस आता पुढारी होतो. प्रत्यक्षात ते लोक दारात उभे राहून वाट अडवतात, माफी मागतात, सरकतात, पुन्हा तिथेच येऊन उभे राहतात आणि पुढच्या वळणावर मरतात. त्यांना हुकूम देण्याची जी सोय आहे ती त्यांना जा किंवा या एवढंच सांगते. किड्यांची फौज आपलं जास्त ऐकत होती. गटकार्य असं लादलं की वर्गातही हेच होतं: एक मुलगा सगळं करतो आणि बाकीचे त्याच्या बाकाभोवती उभे.

आणि सिटाडेल. तिथे आपली सगळी हत्यारं काढून घेतली जातात, फक्त ग्रॅव्हिटी गन उरते, आणि तिच्यात निळी ऊर्जा भरून ती इतकी ताकदवान होते की जिवंत सैनिकही उचलून फेकता येतो. लोक या प्रकरणावर फिदा आहेत. पहिली दहा मिनिटं मीही असतो. पण बारा प्रकरणं इतकं शिकवल्यावर शेवटच्या परीक्षेत मास्तर सगळ्यांना ग्रेस मार्क वाटतो. एकही नवा प्रश्न नाही. पाणी, तरफ, वाळू, पाइपचा खडखडाट, यातलं काहीच तिथे कामाला येत नाही. सरळ वाट, चकचकीत भिंती, बटण दाबा आणि पुढे जा. भाचा तिथे पोचला तेव्हा सुरुवातीला टाळ्या वाजवत होता. अर्ध्या तासाने मी पाहिलं तर एका हाताने खेळत होता आणि दुसऱ्या हाताने चिवडा खात होता. रेव्हनहोममध्ये त्याने वाटीला हातसुद्धा लावला नव्हता.